चांदी कमी केलेले ब्रेझिंग रॉड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ मध्ये चांदी किलोला दीड लाख रुपयांच्या वर गेली, आणि तेव्हापासून आम्हाला येणाऱ्या फोनवर एकच विचारणा असते: "साहेब, चांदी कमी करून काही जमतं का?" जमतं. कुठे जमतं, कुठे अंगलट येतं आणि कुठे चांदीला हात न लावताच पैसे वाचतात, हे सगळं फोनवर सांगून होत नाही. ब्रेझिंग म्हणजे दोन भाग न वितळवता, त्यांच्यामधल्या फटीत कमी उष्णतेत वितळणारा धातू भरून ते जोडणं. त्याचे मिश्रधातू वितळवणं, त्यांची तार ओढणं आणि ती लावून बघणं हेच माझं रोजचं काम आहे. वर्कशॉपवाले, एसी मेकॅनिक आणि खरेदी विभागातली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत.

रॉडमध्ये चांदी घालतातच कशाला? ताकदीसाठी?

बहुतेकांना तसंच वाटतं. चांदीचं मुख्य काम मात्र रॉड कमी उष्णतेत वितळवणं आणि तो फटीत पळवणं हे आहे. निव्वळ चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, निव्वळ तांबं १०८५ ला. पण ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबं एकत्र केलं की ते मिश्रण ७८० अंशालाच पाणी होतं, म्हणजे दोघांच्याही खाली. त्यात जस्त मिसळलं की आणखी खाली, सातशेच्या आसपास उतरता येतं. तापमान कमी असलं की गॅस आणि वेळ वाचतो, पितळेचा भाग ढासळत नाही, पोलादाचा कडकपणाही कमी उतरतो.

सांध्याची ताकद जास्त करून फट किती आहे, एक भाग दुसऱ्यावर किती चढवलाय आणि आत फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइड काढायला लावतात तो लेप) अडकलाय का, यावर ठरते. पातळ भागाच्या जाडीच्या तिप्पट चढाव ठेवला आणि फट नीट भरली, तर तीस टक्के चांदीच्या रॉडचा सांधाही सहसा सुटत नाही. ओढून तोडायला गेलं तर आधी पाइप फाटतो.

मग चांदी काढून तेवढं तांबं-जस्त वाढवलं की झालं?

इथेच खरी अडचण आहे. ४५ टक्के चांदी, ३० टक्के तांबं आणि २५ टक्के जस्त असलेला रॉड साधारण ६६५ अंशांना वितळू लागतो आणि ७४५ ला पूर्ण पातळ होतो. चांदी ३० टक्क्यांवर आणली की हेच आकडे साधारण ६७५ आणि ७६५ होतात. २५ टक्क्यांवर, त्यात दोन टक्के कथील घालूनसुद्धा, पूर्ण पातळ व्हायला ७८० च्या जवळ जावं लागतं. चांदी शून्य केली, म्हणजे साठ-चाळीसचं तांबं-जस्त घेतलं, की थेट ८९० ते ९०० अंश.

जस्त वाढवून तापमान खाली आणता येतं, पण ते चाळीस टक्क्यांच्या पुढे गेलं की धातू ठिसूळ होऊ लागतो. शिवाय जस्त ९०७ अंशांना उकळतं. जरा जास्त तापवलं की पांढरा धूर निघतो, सांध्यात बारीक छिद्रं राहतात आणि तो धूर छातीत गेलेल्या माणसाला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो.

दुसरी अडचण वितळू लागण्यापासून पूर्ण पातळ होण्यापर्यंतच्या अंतराची. हे अंतर मोठं असेल आणि ज्योत मंद असेल, तर रॉडमधला लवकर वितळणारा भाग आधी फटीत पळून जातो आणि उरलेला भाग तोंडाशी खडबडीत कवचासारखा बसून राहतो. नंतर कितीही तापवा, तो हलत नाही. "रॉड खराब आहे" म्हणून आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत हे कवच बऱ्याचदा दिसतं. अशा ठिकाणी रॉड तोच ठेवून ज्योत मोठी करायची आणि काम पटकन उरकायचं.

पूर्वीचा ३५ टक्केवाला रॉड छान पळायचा. आताचा तसा का पळत नाही?

त्यात कॅडमियम असायचं. ३५ चांदी, २६ तांबं, २१ जस्त आणि १८ कॅडमियम, असा तो रॉड ६०७ अंशांनाच वितळू लागायचा आणि सातशेच्या जवळपास पूर्ण पातळ व्हायचा. ५० टक्के चांदीचा कॅडमियमवाला तर ६२७ ते ६३५ अंशांत, अवघ्या आठ अंशांच्या अंतरात पाणी व्हायचा. चांदी वाचवण्याचा विसाव्या शतकातला सगळ्यात यशस्वी उपाय कॅडमियमच होता.

पण कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं. टॉर्चखाली त्याचा धूर होतो. तो धूर फुप्फुसं जाळतो, जास्त झाला तर जीव घेतो. थोडा थोडा साठत गेला तर मूत्रपिंडं आणि हाडं खातो, आणि तो कर्करोगकारक म्हणूनही सिद्ध झाला आहे. युरोपीय संघाने डिसेंबर २०११ पासून ब्रेझिंगच्या भरण धातूत त्यावर बंदी घातली. संरक्षण, विमान आणि काही सुरक्षाविषयक कामांपुरतीच सूट ठेवली. आपल्याकडे "केडीएम" सोनं म्हणतात, त्यातलं केडीएम म्हणजे कॅडमियमच, सोनाराच्या डाखातलं.

कॅडमियम काढल्यावर तेवढाच खाली वितळणारा रॉड करायला चांदी उलट वाढवावी लागली. ५० टक्क्यांच्या जागी ५६ टक्के चांदी आणि ५ टक्के कथील असलेला रॉड आला. तो ६१८ ते ६५२ अंशांत वितळतो. कमी चांदीच्या रॉडवर आज चाललेलं सगळं काम म्हणजे कॅडमियमची रिकामी झालेली जागा भरायची खटपट आहे. कोणी स्वस्त म्हणून अजूनही कॅडमियमवाला रॉड पुढे केला, तर माझं एकच सांगणं आहे: घेऊ नका. ज्याच्या नाकासमोर तो वितळणार आहे, त्याला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

चांदीच्या जागी काय काय घालून बघतात?

पहिला मान कथलाचा. दोन-तीन टक्के घातलं की वितळण्याचं तापमान चांगलं खाली येतं. पाच टक्क्यांच्या पुढे गेलं की तार ओढताना तुटायला लागते, आणि चांदी जितकी कमी तितकी ही मर्यादा आणखी अलीकडे येते. ४५ चांदी, २७ तांबं, २५ जस्त, ३ कथील हा रॉड ६४० ते ६८० अंशांत वितळतो. सध्याच्या भावात माझ्या मते सर्वसाधारण कामाला तो सगळ्यात समजूतदार पर्याय आहे. ३४ टक्के चांदीचा कथीलवाला ६३० ते ७३० मध्ये वितळतो. हात सराईत असेल तर तोही उत्तम चालतो.

सिलिकॉन चिमूटभर, दशांश टक्क्याच्या हिशेबात, घातलं तरी सांध्याची कड गुळगुळीत येते. पोलादावर मात्र ते जपून वापरावं लागतं. मँगनीज आणि निकेल हे दोन्ही कार्बाइडला (हत्यारांच्या टोकाला बसवतात तो अतिकठीण पदार्थ) आणि स्टेनलेसला धरायला मदत करतात, पण निकेल वितळण्याचं तापमान वर नेतं. इंडियम आणि गॅलियम तापमान सुरेख खाली आणतात, पण त्यांची किंमत बघितली की चांदी वाचवून काय मिळवलं असा प्रश्न पडतो.

नवा मिश्रधातू तयार करताना नेमकं काय करतात?

आमच्याकडे सुरुवात अर्ध्या किलोच्या मुशीपासून होते. ग्रॅफाइटच्या मुशीत आधी तांबं, वर कोळशाची पूड. तांबं वितळलं की चांदी. मग उष्णता उतरवायची आणि जस्त सगळ्यात शेवटी, चिमट्याने दाबून थेट पृष्ठभागाखाली घालायचं. वर धरलं तर निम्मं धूर होऊन जातं. कथील त्याच्या मागोमाग. ओतून थंड झालेला तुकडा आधी वजन करायचा. घातलेल्या मालापेक्षा जे कमी भरतं ते बहुतेक जस्तच असतं. पुढच्या वेळी तेवढं जास्त घालायचं.

मग तीन परीक्षा. पहिली: वितळायला कुठे सुरुवात होते आणि संपते कुठे, हे यंत्रावर बघणं. दुसरी पळण्याची: घासून स्वच्छ केलेल्या पोलादी पत्र्यावर ०.२ ग्रॅमचा तुकडा, वर फ्लक्स, भट्टीत ठराविक वेळ, आणि मग पसरलेल्या डागाचं क्षेत्रफळ. चांगला मिश्रधातू नाण्यासारखा पसरतो आणि कडेला कागदाइतका पातळ होतो. वाईट असेल तर मोत्यासारखा गोळा होऊन बसतो. तिसरी परीक्षा तार ओढण्याची. कागदावर आणि पत्र्यावर सुंदर वागलेला मिश्रधातू या तिसरीत नापास होतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता तारेपर्यंत पोचल्याशिवाय कोणाला बातमीच देत नाही. १.५ मिलिमीटरची तार न तुटता निघाली नाही आणि तिची रिंग वळली नाही, तर कारखान्याला त्याचा उपयोग नाही.

यातून पार पडलेल्याचे खरे सांधे करून ते ओढून तोडायचे, कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, पाण्यात आणि मिठाच्या फवाऱ्यात ठेवायचे.

एसीच्या तांब्याच्या पाइपला १५ टक्के चांदीचा रॉड लागतोच का?

तांब्याला तांबं जोडायचं असेल तर चांदी वाचवायला याहून मोकळं मैदान नाही. इथे फॉस्फरस मदतीला येतो. तांब्यात सुमारे सात टक्के फॉस्फरस घातला की मिश्रण ७१० अंशांपासून वितळू लागतं, चांदीचा कणही न घालता. शिवाय फॉस्फरस तांब्यावरचा ऑक्साइड स्वतःच ओढून घेतो, त्यामुळे तांब्यावर वेगळा फ्लक्स लागत नाही. पितळ मधे आलं की मात्र फ्लक्स लावाच.

या कुटुंबात चांदी शून्य, २, ५ आणि १५ टक्के अशी मिळते. चांदी वाढली की फॉस्फरस कमी ठेवता येतो, सात टक्क्यांवरून पाचवर, आणि सांधा लवचिक होतो. म्हणजे १५ टक्केवाल्यात आपण पैसे मोजतो ते लवचिकतेसाठी आणि सैल फट भरण्यासाठी. बाहेरच्या युनिटला कॉम्प्रेसरजवळ जिथे सतत कंप असतो, तिथे ५ किंवा १५ टक्के ठेवा. भिंतीत स्थिर बसलेल्या, नीट फुलवलेल्या पाइपांना २ टक्के किंवा शून्य टक्केही वर्षानुवर्षं टिकतो. बिनचांदीच्या रॉडमध्ये साडेसहा टक्क्यांच्या आसपास कथील आणि तेवढाच फॉस्फरस असलेला प्रकारही निघालाय. तो सातशेच्या आतच पातळ होतो आणि झकास पळतो, फक्त तो रॉड वाकवताना लवकर मोडतो.

रॉड कोणताही असो, पाइपातून नायट्रोजन सोडल्याशिवाय टॉर्च पेटवू नका. आतली काळी पापडी पुढे कॅपिलरीत, म्हणजे एसीतल्या अगदी बारीक नळीत, जाऊन अडकते आणि दोष रॉडवर येतो.

तोच रॉड स्टीलच्या पाइपला चालेल का?

नाही. पोलाद, स्टेनलेस, निकेल, कशालाच नाही. फॉस्फरस लोखंडाशी संयोग पावून सांध्याच्या सीमेवर काचेसारखा ठिसूळ थर तयार करतो.

एकदा एका ग्राहकाने खोकाभर परत आलेले सांधे आमच्या टेबलावर ओतले. तांब्याचा पाइप पोलादी नळीत बसवलेला, बाहेरून कड अगदी देखणी. हवा भरून घेतलेल्या चाचणीत सगळे पास झाले होते. ट्रकमधून गावोगाव जाताना एकेक सुटत गेला. एक सांधा मी हाताने वाकवला तर तो कटकन निघाला, आणि पोलादाच्या बाजूला करड्या रंगाचा स्वच्छ कडा राहिला. भरण धातूचा ठिपकाही तिथे चिकटलेला नव्हता. किलोमागे पैसे वाचतात म्हणून कोणीतरी बिनचांदीचा फॉस्फरसवाला रॉड दिला होता. त्या मुलांनी काम मन लावून केलं होतं, हे बघून जास्त वाईट वाटलं. तांबं-पोलादाला चांदी-तांबं-जस्ताचा रॉड आणि फ्लक्स हाच मार्ग आहे. तिथे ४५ वरून ३४ किंवा ३० वर उतरा, पण फॉस्फरसकडे वळू नका.

४५ टक्क्यांवरून ३० वर आलो तर खर्च तेवढाच कमी होईल ना?

हा प्रश्न खरेदी विभागाचा असतो, आणि त्याचं उत्तर खरं तर लेथवर आहे.

१२ मिलिमीटर व्यासाचा पाइप घ्या, १० मिलिमीटर आत बसणारा. चहूबाजूंनी फट ०.१५ मिलिमीटर असेल तर ती भरायला साधारण ५७ घन मिलिमीटर धातू लागतो, म्हणजे अर्धा ग्रॅमच्या किंचित वर. ३० टक्के रॉड वापरला तर त्यात सुमारे ०.१५ ग्रॅम चांदी जाते. आता फट ०.०५ मिलिमीटर करा. धातू लागतो फक्त १९ घन मिलिमीटर, ०.१७ ग्रॅम. ४५ टक्केवाला महागडा रॉड वापरला तरी चांदी जाते ०.०८ ग्रॅमच्या आत. घट्ट बसवलेल्या सांध्यात महाग रॉडनेही सैल सांध्यातल्या स्वस्त रॉडच्या निम्मी चांदी लागली. वर कमी तापमान, कमी वेळ आणि जास्त ताकद. चांदीच्या रॉडला ०.०५ ते ०.१२ मिलिमीटरची फट मानवते. त्याच्यापुढचा प्रत्येक शतांश मिलिमीटर आपण चांदीने भरत असतो.

म्हणून कोणी स्वस्त रॉड मागितला की मी आधी ड्रॉइंग मागतो. मग बघतो रॉड हाताने लावतात की रिंग बसवतात. हाताने लावताना माणूस "असू दे थोडं जास्त" म्हणतो आणि सांध्याबाहेर जाड गळसर साचतो, ज्याचा ताकदीला काही उपयोग नाही. मोजून वळलेल्या रिंगेने हे थांबतं. एवढं करूनही बचत हवी असेल, तर मग मिश्रधातूला हात घालू.

एक गोष्ट याच्या उलट बाजूची: चांदी जड असते. कमी चांदीचा रॉड हलका असल्याने किलोमागे लांबी थोडी जास्त मिळते. ती बचत किलोच्या भावात दिसत नाही, पण खरी असते.

कार्बाइड टिपसाठी स्वस्त काही आहे का?

आहे, आणि कल्पना सुंदर आहे. तापल्यावर पोलाद कार्बाइडच्या साधारण दुप्पट पसरतं, त्यामुळे थंड होताना टिप तडकते. यावर तीन थरांची पट्टी वापरतात: दोन्ही बाहेरच्या बाजूंना चांदीचा मिश्रधातू, मधे तांब्याचा गाभा, बहुतेक १:२:१ या प्रमाणात. मधलं तांबं वितळत नाही. मऊ गादीसारखं राहून ताण पिऊन टाकतं. चांदी निम्म्यावर येते आणि टिप जास्त टिकते. बाहेरच्या थराला ४९ टक्के चांदीचा मँगनीज-निकेलवाला मिश्रधातू चांगला. लहान टिपेला साधी पट्टी पुरते.

रॉड बदलला, फ्लक्स तोच ठेवला तर?

कमी चांदीचा रॉड बदनाम होण्याचं हे मोठं कारण आहे. नेहमीचा फ्लोराइडवाला पांढरा फ्लक्स ८५० अंशांच्या आसपास दमतो, आणि लांबलेल्या तापवणीत त्याआधीच. २५ टक्केवाला रॉड ७८० ला पातळ होतो, म्हणजे भाग प्रत्यक्षात त्याहून वर न्यावा लागतो. जाड भाग असेल तर रॉड वितळेपर्यंत फ्लक्स काळा पडून मेलेला असतो. अशा कामाला बोरॉनची पूड घातलेला तपकिरी-काळा फ्लक्स घ्या. नुसता टाकणखार वापरणाऱ्यांसाठी: तो स्वतःच ७४३ अंशांना वितळतो, तेव्हा ६५० च्या रॉडला त्याचा उपयोग नाही. काम झाल्यावर गरम पाण्याने फ्लक्स धुऊन काढा, नाहीतर तोच पुढे गंज धरवतो.

दुधाची भांडी, पिण्याचं पाणी, स्टेनलेस?

कॅडमियम शून्य, ही पहिली अट. स्टेनलेसवर साधा चांदी-तांबं-जस्ताचा सांधा सतत पाण्यात राहिला तर रॉड आणि स्टेनलेसच्या सीमेवरून गंज शिरतो आणि एक दिवस सांधा अख्खा सुटून येतो. दोन टक्के निकेल असलेला ५० टक्के चांदीचा रॉड इथे लागतो. इथे चांदी कमी करा असं मी कोणालाही सांगत नाही. अमोनियाच्या शीतगृहात तर तांब्याचा कुठलाच रॉड नको. अमोनिया तांब्याला खातो.

चांदी पूर्ण टाळता येत नाही का?

येते. पोलादाला पोलाद मोठ्या संख्येत जोडायचं असेल तर नियंत्रित वायूच्या भट्टीत १११० अंशांच्या आसपास शुद्ध तांब्याने ब्रेझिंग करतात; सांधा अतिशय बळकट, चांदी शून्य. सायकलच्या फ्रेमसारख्या कामांना पितळेचा रॉड पिढ्यान्‌पिढ्या चाललाय. एसीत तर तांब्याच्या जागी अॅल्युमिनियमची कॉइलच येते आहे, तिथे अॅल्युमिनियम-सिलिकॉनचा भरण धातू लागतो.

हुपरीत पैंजणाला डाख देतात, त्यासाठी हा रॉड घेऊ का?

नको. दागिन्यात रंग जुळला पाहिजे आणि दागिना वितळवून तपासला की डाखाची अशुद्धताही कसात धरली जाते. तिथे जास्त चांदीचाच डाख हवा.

घेतलेल्या रॉडमध्ये सांगितलेली चांदी खरंच आहे का, कसं कळेल?

रंगाने अंदाज येतो: चांदी जास्त तर पांढरट, कमी तर पिवळसर. पण कथील आणि निकेलही पांढरेपणा आणतात, तेव्हा रंगावर व्यवहार करू नका. हॉलमार्क केंद्रांसारखं क्ष-किरण यंत्र असलेल्या ठिकाणी तपासून घ्या, तेही तार घासून किंवा कापून, कारण यंत्र फक्त वरचा पापुद्रा वाचतं. खरेदीपत्रात नुसतं "सिल्व्हर रॉड" लिहू नका. आयएसओ १७६७२ किंवा आयएस २९२७ मधला प्रकार लिहा, प्रत्येक घटकाची टक्केवारी आणि कॅडमियमची कमाल मर्यादा लिहा.

उरलेले तुकडे भंगारात देऊ का?

रॉडचे शेवटचे दोन इंच, वाकड्या रिंगा, नापास झालेले सांधे, सगळं वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यावर टक्केवारी लिहा. ४५ आणि १५ टक्क्यांचा माल एकत्र झाला की भंगारवाला सगळ्याला पंधराचाच भाव लावतो. आणि जुन्या साठ्यात कॅडमियमचे रॉड सापडले तर ते वेगळे बांधून, वर तसं लिहूनच चांदी गाळणाऱ्याला द्या, म्हणजे त्याच्या भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाला आपण काय वितळवतोय ते कळेल.